दोन याद्यांमधला मराठवाडा



 विषय तुम्हीच दिलात : ‘मराठवाड्यातील स्थळे आणि थोर माणसे’. विषय ऐकून आधी बरे वाटले, मग थोडी धडकी भरली. या विषयावर बोलायचे म्हणजे यादी वाचायची, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण, औंढा, परळी, तुळजापूर, नांदेड. स्थळे संपली की माणसे : नामदेव, जनाबाई, गोरोबा, एकनाथ, रामदास, स्वामी रामानंद तीर्थ. टाळ्या, आभारप्रदर्शन, चहा.

आज आम्ही यादी वाचणार नाही. यादीवरच बोलणार आहोत. समीक्षा कादंबरीची होते, नाटकाची होते, मग ज्या मजकुरातून आपली मुले आपला प्रदेश शिकतात, त्या मजकुराची का होऊ नये? चौथीच्या भूगोलापासून स्पर्धा परीक्षेच्या गाईडपर्यंत, पर्यटनाच्या घडीपत्रिकेपासून जिल्हा परिषदेच्या स्मरणिकेपर्यंत तो मजकूर एकाच साच्यातला आहे. एका पानावर ‘प्रेक्षणीय स्थळे’, दुसऱ्या पानावर ‘थोर व्यक्ती’. लिहिणाऱ्या कोणा एकाचा हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. साचाच तसा आहे, आणि आम्ही स्वतःही अनेक वर्षे वर्गात तोच साचा फळ्यावर उतरवलेला आहे. तेव्हा ही थोडीफार आमची आमच्यावरचीच टीका समजा.

आमचा आक्षेप एका वाक्यात सांगतो. या दोन याद्या वेगळ्या केल्यामुळे आपल्या वास्तू ओसाड झाल्या आणि आपली माणसे बेघर झाली. आता हे जरा उलगडून बघू.

पहिले उदाहरण घेऊ बीबी का मकबऱ्याचे. यादीतला मजकूर तुम्हाला पाठ आहे. ‘दख्खनचा ताज’. थोडा उदार लेखक असेल तर ‘ताजमहालाची प्रतिकृती’, आणि फटकळ असेल तर ‘गरिबाचा ताज’. झाले! एका शब्दात इमारत निकालात निघाली. पाहणारा माणूस आत शिरतो तो ताजशी ताडून बघायला. आणि ताडून बघितल्यावर ती उणी ठरणारच, कारण परीक्षेचा पेपरच दुसऱ्याचा.

आता टीकाकाराने प्रामाणिक असावे. मकबऱ्यात दोष आहेत. मधल्या घुमटाच्या मानाने मिनार फार जवळ आले आहेत. ताजकडे पाहताना चौथऱ्यावर जी मोकळी हवा जाणवते, ती इथे कोंडल्यासारखी वाटते. उंचीकडे ओढ जास्त आणि पसरायला जागा कमी. हे मान्यच करायला हवे. ‘आमचा मकबरा ताजपेक्षा कमी नाही’ असे म्हणणे हा नुसता अभिमान झाला.

पण यादी जे सांगत नाही ते बघा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली वारली, तिची ही कबर. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटावर. बाकीचे अंग आपल्या काळ्या दगडाचे, त्यावर बारीक चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी. खर्चाचा जुना आकडा मिळतो तो साडेसहा लाखांहून थोडा अधिक, म्हणजे ताजच्या खर्चापुढे किरकोळ. आता प्रश्न असा पडतो की हाताशी मकराण्याचा संगमरवर अगदी बेताचा आणि भोवती सगळीकडे काळा पाषाण असताना गवंड्यांनी काय केले? त्यांनी चुन्याला संगमरवराचे काम करायला लावले. भिंतीजवळ जाऊन तो गिलावा नीट बघा. ती गरिबी वाटत नाही हो. ते आपल्या मातीतल्या सामानाचे कसब आहे. ज्यांच्या घरी चुन्याच्या घाणीत भिजवलेल्या चुन्याच्या भिंती आहेत, त्यांना हे चटकन कळेल.

आणि दुसरी गोष्ट. या इमारतीच्या मुख्य दरवाज्यावर तिच्या कर्त्यांची नावे कोरलेली आहेत. एक अताउल्ला, दुसरा हंसपतराय. एक रचनाकार, दुसरा बांधकाम पाहणारा. देशातल्या किती जुन्या वास्तूंच्या दारावर अशी नावे सापडतात? अताउल्ला हा ताजशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे ‘नक्कल’ हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. बापाच्या हातचे काम मुलाने दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या दगडात पुन्हा करून पाहिले, याला घराणे म्हणतात. गाण्यात आपण त्याला नक्कल म्हणत नाही! आणि हाच अताउल्ला गणिती होता. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर त्याने केले होते. सह्याद्रीच्या कुशीतल्या परंपरेशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांचे गणित फारसीत नेणारा माणूस, काही वर्षांनी खडकीच्या परिसरात येऊन घुमट उभा करतो. आता सांगा, ‘दख्खनचा ताज’ या दोन शब्दांत यातले काय उरले? अताउल्ला आणि हंसपतराय ‘थोर व्यक्तीं’च्या यादीत नाहीत, कारण ते इथले नाहीत. आणि ‘स्थळां’च्या यादीतही नाहीत, कारण तिथे माणसांना जागा नाही. दारावर नाव कोरूनही माणूस बेपत्ता!

दुसरे उदाहरण दौलताबादचे. इथे यादी भरगच्च असते. यादवांची राजधानी देवगिरी, 1296 साली अलाउद्दीन खिलजीची स्वारी, 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीहून हलवलेली राजधानी, खंदक, अंधारी वाट, चांदमिनार, तोफा. किल्ल्यावर जाल तर वाटाड्या हेच सांगतो. अंधारीत शिरल्यावर तो मशाल विझवतो, मुले किंचाळतात, मोठी माणसे हसतात. छान असते ते. आम्हीही किंचाळलो आहोत. पण वर चढून खाली आलेल्या माणसाला विचारा, या किल्ल्यात काय घडले? तो सांगेल, लढाया.

मित्रहो, याच देवगिरीत तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा एक माणूस होता. घराणे मूळचे काश्मीरकडचे. काम काय करायचा? राज्याच्या जमाखर्चाच्या खात्याचा प्रमुख. आणि लिहिले काय? ‘संगीतरत्नाकर’. हिंदुस्थानी असो की कर्नाटक, आपल्या संगीताचे शास्त्र मांडायला जो कोणी बसतो, त्याला या ग्रंथापाशी थांबावे लागते. उत्तर आणि दक्षिण अशा दोन वाटा पूर्ण फुटण्याआधीचा तो मोठा ग्रंथ. आता आम्हाला सांगा, दौलताबादच्या तिकीटखिडकीपासून बारादरीपर्यंत तुम्हाला शार्ङ्गदेवाचे नाव कोणी सांगितले? आम्हाला तर कोणी सांगितले नव्हते. ते आम्ही संगीताच्या पुस्तकात वाचले, आणि ‘देवगिरी’ म्हणजे आपला हा दौलताबाद, हे डोक्यात उतरायला आणखी काही वर्षे गेली. हा साचाचा परिणाम बघा. ग्रंथ एका कप्प्यात, किल्ला दुसऱ्या कप्प्यात, आणि मधली भिंत आमच्याच डोक्यात.

पुढे तीनेकशे वर्षांनी याच किल्ल्यावर निजामशाहीत जनार्दनस्वामी किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी किल्ल्यावर आहे. पैठणचा कोवळा एकनाथ गुरूच्या शोधात इथे आला. ती हिशेबाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. गुरूने जमाखर्च तपासायला दिला, एका पैची चूक निघेना, एकनाथ रात्रभर जागला, आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटल्या. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता, ती परमार्थाकडे लाव. गोष्ट इतिहास म्हणून सिद्ध करा असे कोणी म्हणाले तर आम्ही करू शकणार नाही. पण गंमत बघा. एकाच किल्ल्याच्या आठवणीत दोन हिशेबनीस. एकाने स्वर, श्रुती आणि तालांचा जमाखर्च मांडला. दुसऱ्याने पुढे ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये शिरलेल्या चुका वेचून 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या माणसाला एक पै खटकत होती, त्याला ओवीतला अपपाठ खटकणारच. संहिता तपासण्याचे मराठीतले हे आद्य मोठे काम, आणि त्याचे बीज परंपरेने एका लष्करी किल्ल्यातल्या वहीत पाहिले आहे. हे दोघे ज्या किल्ल्याला लाभले त्याला आपण फक्त ‘अभेद्य’ म्हणून सोडून देतो. तेही खरे नाही म्हणा, कारण तो अनेकदा पडला. पण ते असो.

तिसऱ्या उदाहरणाकडे येताना जरा जपून बोलावे लागेल, आणि तरी बोलावे लागेल. यादीत आणखी एक न दिसणारी वाटणी असते. ‘आपली’ माणसे आणि ‘त्यांची’ माणसे. ज्याच्या हातात लेखणी, त्याच्याप्रमाणे ‘आपली’ कोण ते बदलते, पण वाटणी राहते.

मलिक अंबर घ्या. आफ्रिकेत, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 साली त्याने खडकी गाव राजधानी म्हणून वसवले. 1624 साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला त्याने हरवले. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. 1626 साली तो वारला. यादीत तो येतो तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या जातात : गनिमी कावा आणि जमीनमहसुलाची पद्धत. परीक्षेत दोन गुणांना पुरते.

आणि शहराच्या पोटातून जे वाहत होते ते? नहर-ए-अंबरी. डोंगराच्या बाजूचे जमिनीतले पाणी धरून, उताराचा अंदाज घेऊन, भुयारी नळांतून त्याने ते वस्तीपर्यंत आणले. पाण्याचा दाब राखायला मधे मधे मनोरे, गाळ काढायला तोंडे. यंत्र नाही, पंप नाही. पुढे याच तंत्राने इतरही नहरी झाल्या. पाणचक्कीचे पाणी अशाच वेगळ्या नहरीने काही मैलांवरून येते. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याशी ती जोडलेली आहे. तिथे पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांसाठी, गोरगरिबांसाठी पीठ दळले जायचे. आपण काय करतो? पाणचक्कीला तिकीट काढून हौद बघतो, माशांना लाह्या टाकतो. पाणी येते कुठून, ते विचारत नाही.

या शहराचे नाव खडकी होते. अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, ते फतेहनगर केले. औरंगजेबाने औरंगाबाद केले. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. नाव हा लोकांच्या भावनेचा प्रश्न असतो आणि त्यावर ज्याने त्याने आपले मत ठेवावे. आमचे म्हणणे वेगळे आहे. नाव कोणते, यावर आपण जेवढे बोललो, त्याच्या शंभराव्या हिश्शाने तरी नहरीवर बोललो का? पाटीवर नाव कोणाचेही असो, घागर भरणाऱ्या बाईला पाणी लागतेच, आणि ते पाणी तीनशेहून अधिक वर्षे एका हबशाच्या अकलेने येत राहिले. त्या नहरीचे कितीतरी भाग आज रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायाखाली गेले. शिवाजी महाराजांच्या घराण्याचे वेरूळचे मूळ आणि मलिक अंबरची खुलताबादची कबर यांच्यामध्ये हाकेचे अंतर आहे. यादीत मात्र त्यांच्यामध्ये पानेच्या पाने.

खुलताबादचे नाव आलेच आहे तर तेही सांगतो. खुलताबाद म्हटले की आज एकच कबर डोळ्यांपुढे येते, आणि वाद सुरू होतो. पण त्या गावात चौदाव्या शतकात वारलेले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब आहेत, पहिला निजाम आहे, फारसी-अरबीचे मोठे पंडित आझाद बिलग्रामी आहेत, मलिक अंबर आहे. ज्याला ज्याच्याशी भांडायचे असेल त्याने भांडावे, पण एका कबरीपायी आख्खे गाव वाचायचे राहून जाऊ नये. आणि याच परिसरातल्या शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी गझला लिहीत होते. त्याच्या आधी वली दखनी होऊन गेले, ज्यांच्यामुळे दिल्लीच्या कवींनी फारसी सोडून आपल्या बोलीत गझल लिहायला हिंमत धरली, असे उर्दूचे इतिहासकार मानतात. मराठी यादीत ते नाहीत, कारण ते उर्दूचे. उर्दूच्या यादीत एकनाथांची भारुडे नाहीत, कारण ती मराठी. आणि एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला, दोघांना भांडू दिले आणि शेवटी भेटवले! त्यांना ती भिंत दिसत होती म्हणून तर लिहिले.

आता चौथा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. यादीत माणूस शिरतो तो कशाच्या जोरावर? एकतर दगडी वास्तू मागे ठेवली पाहिजे, नाहीतर समाधी. ज्यांच्या मागे दगड नाही, त्यांचे काय?

तेरचे बघा. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या एका सागरी प्रवासवर्णनात पैठणबरोबर ‘तगर’ म्हणून याचे नाव येते. रोमशी व्यापार करणारे शहर. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू इथल्याच संग्रहालयात आहेत. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मागून गोल आहे, म्हणजे बौद्ध चैत्याच्या घाटाचे. आणि हेच गोरोबाकाकांचे गाव. स्थळांच्या यादीत तेर ‘प्राचीन व्यापारी केंद्र’. व्यक्तींच्या यादीत गोरोबा ‘संत, जन्मगाव तेर’. पण भल्या माणसा, हे दोन्ही मातीचेच गाव आहे की! हजारेक वर्षे ज्या गावची माती भाजून मूर्ती, मणी, भांडी आणि विटा झाल्या, तिथेच कुंभाराने कच्च्या-पक्क्या मडक्याची परीक्षा संतांच्या डोक्यावर थापटणे मारून घेतली, अशी कथा जन्माला यावी, यात काहीच नवल नाही. व्यवसाय, माती, व्यापार आणि भक्ती, सगळे एका चाकावर. यादीने ते चाक मोडून चार तुकडे चार पानांवर ठेवले.

गंगाखेडच्या जनाबाईला तेवढेही नाही. तिने जाते दिले आपल्याला. पाणचक्कीचे जाते बघायला तिकीट आहे, जनाबाईच्या जात्याला भक्तिभाव आहे, पण दोन्ही जाती एकाच प्रदेशाच्या ज्वारीवर चालली, हे कोणी जोडून सांगत नाही.

आणि अगदी अलीकडचे बघा. हैदराबाद संस्थानातून आपण 17 सप्टेंबर 1948 रोजी मोकळे झालो. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव यादीत ठळक असते, असायलाच हवे. पण ते ज्या ठिकाणी घडले आणि ज्यांनी इतरांना घडवले ती ठिकाणे? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. ही ‘प्रेक्षणीय स्थळे’ नाहीत, कारण तिथे प्रेक्षणीय काही नाही. वर्ग आहेत, बाक आहेत. मुलांना मराठीतून शिकवणे हीच जिथे चळवळ होती, त्या काळात शाळा हाच आमचा किल्ला होता. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके शस्त्र घेऊन त्या लढ्यात उतरल्या. त्यांच्या नावापुढे यादीत कोणता किल्ला लावणार?

छत्रपती संभाजीनगरात 1950 साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले. नागसेनवनाचा तो परिसर. मिलिंद राजाने नागसेन भिक्खूला प्रश्न विचारले, म्हणून महाविद्यालयाला नाव प्रश्न विचारणाऱ्याचे. अजिंठा आणि वेरूळ पाहायला आलेल्या किती बसगाड्या तिथे थांबतात? बौद्ध लेणी दोन हजार वर्षे जुनी म्हणून स्थळ, आणि त्याच विचाराने विसाव्या शतकात उभे राहिलेले ज्ञानकेंद्र मात्र नुसते ‘कॉलेज’. विद्यापीठाच्या नामविस्ताराचा ठराव 1978 साली विधिमंडळात झाला आणि नाव प्रत्यक्ष लागले 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत गावोगाव घरे जळली, माणसे गेली. विद्यापीठाची कमान आज यादीत येते, फोटोही काढले जातात. पण ती कमान काय किंमत देऊन उभी आहे, हे यादीत नाही. आम्ही मराठवाड्याच्या गोडव्याबद्दल बोलायला तयार असतो. या गोष्टीवर आवाज खाली जातो. तो खाली जाऊ नये, म्हणून इथे मुद्दाम सांगितले.

आता दुसरी बाजू. आम्हाला माहीत आहे, मागच्या रांगेतले शिक्षक मनात म्हणत असतील, ‘साहेब, बोलायला सोपे आहे. आम्हाला चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले. यादी नको तर काय करायचे?’ रास्त प्रश्न आहे. यादीच्या बाजूनेही बोलले पाहिजे.

एक तर, हा प्रदेश 1724 पासून 1948 पर्यंत निजामाच्या अमलात होता. दोनशे चोवीस वर्षे. मग 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईची माणसे आम्हाला ‘मागासलेला भाग’ म्हणायची. कधी मोठ्याने, कधी मायेने. अशा वेळी आमच्या आधीच्या पिढीने छातीठोकपणे यादी पुढे केली. मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतात त्या विवेकसिंधूचे मुकुंदराज अंबाजोगाईचे. नामदेव नरसीचे, रामदास जांबचे, एकनाथ पैठणचे. ‘तुम्ही ज्यांची ओवी म्हणता ती माणसे आमची’. ती यादी हा आत्मसन्मानाचा कागद होता. तो कागद आम्ही फाडायला सांगत नाही.

दुसरे, यादी लक्षात राहते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ती पहिली पायरी असते. पण पहिल्या पायरीवरच कोणी बिऱ्हाड करीत नाही ना! आणि यादीचे खुंटे किती कच्चे असतात बघा. नामदेवांची नरसी आमच्या लहानपणी परभणी जिल्ह्यात होती. 1999 साली हिंगोली जिल्हा झाला आणि नामदेव एका रात्रीत हिंगोलीच्या यादीत गेले. परभणीच्या यादीतून कमी. नरहर कुरुंदकरांचा जन्म नांदापूरचा, म्हणजे तेही आज हिंगोलीचे. काम केले नांदेडला. त्यांना कोणत्या रकान्यात घालणार? ज्यांनी आयुष्यभर रकाने तपासून बघितले त्यांना?

तर शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे. दोन याद्या ठेवा, पण मध्ये तिसरा रकाना आखा. त्याला मथळा द्या : ‘कशामुळे?’ दौलताबाद आणि शार्ङ्गदेव यांच्यामध्ये काय आहे? तेर आणि गोरोबा यांच्यामध्ये काय आहे? मुलांनाच भरू द्या. काही रकाने रिकामे राहतील. राहू द्या. रिकामा रकाना म्हणजे पुढच्या मुलाला काम.

शेवट पैठणला करतो. मराठवाड्याचे व्याख्यान पैठणला संपले नाही तर घरी गेल्यावर जेवण मिळणार नाही.

जायकवाडीचे धरण 1976 साली पुरे झाले. मागच्या जलाशयाला नाव दिले नाथसागर. खालच्या उद्यानाला ज्ञानेश्वरांचे नाव. आपल्या प्रदेशातले हे एकच ठिकाण असे, जिथे स्थळाच्या यादीतच माणूस आला. यादी करणाऱ्याला इथे भिंत बांधता आली नाही. मग हे नाव आपण नीट वाचले का?

नाथांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले. वाटेत वाळवंटात एक गाढव पाण्यावाचून तडफडत होते. नाथांनी कावड तिथेच त्याच्या तोंडात रिती केली. बरोबरचे म्हणाले, अहो, एवढ्या लांबून आणलेले पाणी! नाथांच्या लेखी रामेश्वर तिथेच पावला होता. ज्या माणसाची ही गोष्ट, त्याचे नाव आपण मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या पाण्याला दिले. हे नाव म्हणजे सत्काराची शाल नव्हे, ती एक अट आहे. पाणी आधी कोणाला? ज्याचा हक्क कागदावर मोठा त्याला, की ज्याचा घसा कोरडा त्याला? या पाण्याखाली ज्यांची शेते आणि गावठाणे गेली, त्यांच्या लेकरांना त्यातले किती मिळते? वरच्या धरणांतून पाणी सुटेल की नाही, यावर दर दुष्काळात भांडण होते. टँकरच्या मागे घागरी घेऊन बाया पळतात, त्यातल्या कित्येक जणी नाथषष्ठीला पैठणला जाऊन आलेल्या असतात. हे नाव रोज उच्चारणाऱ्या आपल्यावर त्या अटीचा भार आहे की नाही?

मलिक अंबरने नहर आणली, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात पाण्यावर पीठ दळले, नाथांनी कावड ओतली. तीन माणसे, तीन भाषा, तीन वाटा. आणि काम एकच : तहानलेल्यापर्यंत पाणी नेणे. हा आमच्या प्रदेशाचा खरा इतिहास आहे असे आम्हाला वाटते, आणि तो दोन्ही याद्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत पडून आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन पाणचक्कीला जाल तेव्हा हौदाशी उभे राहून त्यांना एवढेच विचारा, हे पाणी येते कुठून? उत्तर शोधता शोधता संध्याकाळ होईल. तोवर आपला मराठवाडा थोडा दिसायला लागलेला असेल.

 चूक राहिली असेल तर पैपैचा हिशेब मागा, आम्ही रात्र जागायला तयार आहोत.